पार्टीला जायच्या आधी ठरव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. फोन करणार होतो, पण फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहितोय, सावकाश वाच. टीमच्या पार्टीत सगळे घेतात, तू नाही म्हटलंस की कारण विचारत बसतात, हे तू पहिलं लिहिलंस. मग एकदा थोडी बियर घेऊन बघितलीस आणि अजिबात आवडली नाही, तर आपणच मागासलेले आहोत का, हे दुसरं. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य, की बाबांची रोजची क्वार्टर आता बस्स झाली, दिवाळीला घरी गेले की कपाटातली बाटली फेकून देणार आणि त्या दिवसापासून घरात थेंब येऊ देणार नाही. मला विचारशील तर या तिन्हीत जीव अडकलाय तो शेवटच्या वाक्यात. त्यावर येतोच, पण आधी तुझं.

मी घेत नाही हे तुला माहितीये. डिस्टिलरीत नोकरी आणि घेत नाही म्हणून नातेवाइकांना फार नवल वाटायचं, त्यांना वाटायचं आमच्या घरी नळालाच येत असेल, आणि इकडे टाक्यांना एक्साइजचं, म्हणजे सरकारी उत्पादन शुल्क खात्याचं, कुलूप. माझं न घेणं काही व्रत वगैरे नाही. चव आवडली नाही, आणि ज्या गोष्टीची रोज टक्केवारी काढायची तिचं अप्रूप राहत नाही. तू पण माझ्याकडे अप्रेंटिस असताना हे सगळं हातानं केलंयस ना, फर्मेंटरमधून वॉशचं, म्हणजे आंबवलेल्या मळीचं, सॅम्पल काढायचं, घनता बघायला हायड्रोमीटर सोडायचा, टेंपरेचर करेक्शन लावायचं. साखर काढून उरलेली काळी मळी, तिच्यात पाणी, यीस्ट, आणि दीड-दोन दिवसांत सात-आठ टक्क्यांचा वॉश तयार, तो कॉलममध्ये, म्हणजे डिस्टिलेशनच्या उंच मनोऱ्यात, चढवला की वरून ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळजवळ नुसतं अल्कोहोल, निघतं. आपल्याकडे बारमध्ये व्हिस्की, रम, व्होडका म्हणून जे मिळतं त्यातल्या पुष्कळ ब्रँडच्या पोटात हेच मळीचं किंवा धान्याचं स्पिरिट असतं, पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणलेलं, कशात थोडं माल्ट, कशात रंग, कशात फ्लेवर. तुझे मित्र ज्या लेबलवरून वाद घालत बसतात त्याच्या आतला रेणू एकच आहे, आणि तू केमिस्ट आहेस, तेव्हा या विषयात तू बाटलीवर किंवा पेगवर जाऊ नकोस, ग्रॅमवर जा.

म्हणजे बघ. ३० मिलीचा स्मॉल पेग, ४२.८ टक्के, साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. लार्ज म्हणजे २०. क्वार्टर १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. आता बियर, जिला सगळे "बियरच आहे गं, दारू थोडीच" म्हणून तुझ्यासमोर ठेवतात, तिचा पाच टक्क्यांचा ३३० मिलीचा पिंट घेतलास तर १३ ग्रॅम, पण आपल्याकडे खपते ती स्ट्राँग, तिच्यात आठ टक्क्यांपर्यंत असतं, ६५० मिलीची मोठी बाटली घेतलीस तर ४० ग्रॅम झाले, म्हणजे चार स्मॉल पेग, आणि लोक "मी फक्त एक बियर घेतली" म्हणून गाडीची किल्ली फिरवत निघतात. गोड रंगीत बाटलीतलं ब्रीझर घेतलंस तरी जवळजवळ एका स्मॉल पेगाइतकं आहे. आणि लाँग आयलंड आईस टी नावाचा जो प्रकार असतो त्यात चहा नसतो, व्होडका, जिन, रम, टकीला आणि वर एक संत्र्याचं लिकर असतं, आणि कोल्ड्रिंकच्या गोडीत ते कळत नाही. नाव वाचून ऑर्डर देऊ नकोस, आत काय आहे ते विचार. बारमधली माणसं विचारलं की सांगतात.

लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम काढतं. तेवढंच. वरून कॉफी प्या, लिंबू पिळा, थंड पाण्यानं अंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही, माणूस फक्त जागा होतो. त्यामुळे रात्री बाराला चार पेग संपवलेला माणूस पहाटे चारला "उतरलीये रे" म्हणून गाडी काढतो तेव्हा ती उतरलेली असतेच असं नाही. आपल्या कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, फार कमी आहे, आणि पहिल्यांदा सापडलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पण मला दंडाची काळजी नाही, मला तुझी आहे, तू ज्याच्या मागे बसतेस त्यानं किती घेतलीये ते बघ, एक जरी घेतली असेल तरी उतर आणि कॅब कर. बॉस असला तरी. वाईट वाटलं तर वाटू दे.

अजून एक सांगतो कारण हे तुला पार्टीत नक्की ऐकवतील, की महागाची घेतली की त्रास होत नाही. तुला आठवतं, कॉलमच्या वरच्या टोकाला जे हेड्स, म्हणजे आधी उडून येणारा हलका भाग, निघायचे, त्या वासानं डोळ्यात पाणी यायचं? त्यात मुख्य अॅसिटाल्डिहाइड, झोंबरं, विषारी रसायन. ते काढून टाकायला आम्ही किती वाफ खर्च करायचो, दर शिफ्टला रिपोर्ट, जास्त आलं की सगळं परत फिरवा. आणि मग ते इतकं शुद्ध केलेलं स्पिरिट माणसाच्या पोटात गेलं की त्याचं लिव्हर पहिलं काम काय करतं, तर त्याचं परत अॅसिटाल्डिहाइडच बनवतं. आपण प्लांटमध्ये जे बाहेर काढलं तेच शरीर आत तयार करतं! हलक्या मालात इतर अशुद्धी जास्त असते, डोकं जास्त धरत असेल, ते खरं, पण हे अल्डिहाइड दहा हजारांच्या बाटलीतून पण तेवढंच होणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं अल्कोहोलला १९८८ मध्येच पहिल्या, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या, गटात टाकलंय, तंबाखू ज्या गटात आहे त्यात, आणि २०२३ च्या जानेवारीत तर खुद्द आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलं की तब्येतीला सुरक्षित अशी कुठलीच मात्रा नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, आणि बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर, आणि स्तनाच्या बाबतीत थोड्या पिण्यानं पण धोका वाढतो. "थोडी हार्टला चांगली असते" म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नकोस, जेवण गार होतं.

मुलीनं पिऊ नये असलं मी काही लिहिणार नाही, तू मुलगा असतीस तरी हेच पत्र गेलं असतं. फक्त शरीराचा हिशोब वेगळा आहे तो माहीत असू दे. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, वजन पण बहुतेक वेळा कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगला रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. बरोबरीनं प्यायचं म्हणून त्या सहा फुटी कलीगच्या पेगला पेग लावलास तर ती बरोबरी होत नाही. आणि महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकला वय २५ लागतं, बियर-वाईनला २१, शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परमिट लागतं, हे बारमध्ये कोणी सांगत नाही म्हणून कायदा नाही असं नाही. तू अजून पंचवीसची नाहीस.

आता ते कारण विचारणं. तू लिहिलंस की तू सांगतेस अँटिबायोटिक चालू आहेत. असं करू नकोस. एक तर पुढच्या महिन्यात अँटिबायोटिक संपलेले असतात, मग उपास, मग श्रावण, मग अॅसिडिटी, आणि प्रत्येक कारणावर समोरच्याकडे उपाय असतो, "अगं एकानं काही होत नाही". कारण दिलं की ते खोडायला जागा मिळते. "मी घेत नाही", एवढंच, हसून, आवाज न चढवता, आणि लगेच पुढचं वाक्य दुसऱ्या विषयावर. पहिल्या दोन पार्ट्यांत लोक विचारतील, मग नवीन कोणी विचारलं तर तेच सांगतील की ती नाही घेत रे. आणि हे ठरवायचं ते घरून निघतानाच ठरव. तिथे गेल्यावर, गाणी चालू झाल्यावर, कोणीतरी ग्लास भरून हातात दिल्यावर ठरवायला बसलीस तर तो निर्णय तुझा राहत नाही, टेबलाचा होतो. आणि कधी वाटलं की आज घेऊन बघू, तर तेही घरूनच ठरव, किती ते आकड्यात ठरव, आधी नीट जेव, मधे पाणी, ग्लास टेबलावर सोडून वॉशरूमला जायचं नाही, सोडलास तर परत आल्यावर तो प्यायचा नाही. राग आला म्हणून, रडू आलं म्हणून, झोप येत नाही म्हणून कधीच नाही. झोपेसाठी तर मुळीच नाही, पहिली झोप लागते पण पहाटेची मोडते, आणि मग दुसऱ्या दिवशी परत तीच युक्ती, माणसं यातनंच रोजची होतात.

कोणी जास्त घेऊन पडलं तर "झोपू दे त्याला" म्हणून खोलीत एकट्याला टाकायचं नाही. कुशीवर वळवून ठेव, उताणं नको, उलटी श्वासनलिकेत गेली तर संपलं. हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, हातपाय गार पडले असतील तर १०८ ला फोन. घरी कळेल, ऑफिसात कळेल असला विचार त्या वेळी करायचा नाही.

आवडली नाही यात कमीपणा काय आहे गं? कडू आणि जळजळीत गोष्ट जिभेनं नाकारली, जीभ ठीक आहे तुझी. लोक म्हणतात सवय लागली की आवडते. मग लावायची कशाला? मला बाकी पिण्याच्या गोष्टींचा भयंकर शौक आहे, ते तू लॅबमध्ये बघितलंयसच. नाईट शिफ्ट सुटताना गेटबाहेरचा गुळाचा चहा, आलं ठेचून घातलेला, बशीत ओतून. ताक तर मी वर्षभर पितो, पण पातळ लागतं, हिंग, जिरेपूड, मीठ, आणि आल्याचा एक तुकडा ठेचून, मिक्सरमधलं फेसाळ ताक मला ताक वाटतच नाही, रवीनं घुसळलेलं हवं. नीरा मिळाली तर पहाटेचीच, ऊन चढलं की आंबायला लागते, आणि हे फर्मेंटेशन तुला मी समजावून सांगायची गरज नाही. पुण्यातल्या हॉटेलांत मॉकटेल म्हणून जे देतात ते बहुतेक साखरेचा पाक आणि रंग असतो, एका ग्लासात जीभ कंटाळते, मग सगळ्यांबरोबर तीन तास बसायचं कसं, हा तुझा त्रास मला पूर्ण समजतो. त्यावर माझा उपाय कोकमाचं आगळ. सरबताचं गोड सिरप नाही हां, आगळ, खारट-आंबट, कोकणी माल मिळतो त्या दुकानात बाटली मिळते. दोन चमचे आगळ, थंड सोडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हवी तर एक हिरवी मिरची चिरून. आगळात मीठ असतंच, वरून घालू नकोस. मोठ्या माणसाचं पेय आहे ते, तुरट, हळूहळू प्यावं लागतं, दिसतं पण झकास. फ्लॅटवर पार्टी असेल तेव्हा बाटली घेऊन जा, बघ अर्धे लोक तेच मागतील. बाहेर असशील तर फ्रेश लाईम सोडा, सॉल्टेड, साखर नको म्हणून सांग.

मार्चमध्ये टीम गोव्याला जाणार म्हणालीस. त्या दिवसांत तिथे उर्राक निघते, काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची, एकदाच डिस्टिल केलेली, फेणीपेक्षा बरीच सौम्य, आणि लिमका, मीठ, मिरची घालून देतात त्यामुळे सरबतासारखी उतरते. गोव्यातली जुनी माणसं तिचा मान राखून पितात, दुपारी थोडी, जेवणाआधी, बस. बाहेरून गेलेली पोरं ग्लासावर ग्लास रिचवतात आणि मग समुद्रात उतरतात. तू घे नाहीतर घेऊ नकोस, पण घेतलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नकोस, भांडण झालं तरी चालेल.

आणि एक, घेणाऱ्यांना कमी लेखू नकोस. तुझ्या बोलण्यात कधी कधी तो सूर येतो, मला कळतं तो कुठून येतो ते. गावात देशीच्या गुत्त्यावरून निघालेल्याला बेवडा म्हणायचं आणि रूफटॉपवर बसलेल्याला सोशल ड्रिंकर, हा फरक पगाराचा आहे.

आता बाबा.

पोरी, बाटली फेकू नकोस. हे मी अगदी हात जोडून सांगतोय. रोज ६० ग्रॅम, किती वर्षं झाली कोण जाणे, त्या माणसाचा मेंदू आता अल्कोहोल आहेच असं धरून चालतो. ते एकदम काढून घेतलं तर पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरणं, घाम, बेचैनी, झोप नाही, कोणाला फिट येते, आणि दोन-तीन दिवसांनी भास होणं, माणसं ओळखू न येणं, ताप, याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस जाऊ शकतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण कोणाला होईल हे घरी बसून सांगता येत नाही. तू लिहिलंस की सकाळी चहाचा कप धरताना त्यांचा हात कापतो. ते मला सगळ्यात जास्त लागलं. ती म्हातारपणाची थरथर नसेल, रात्रीची उतरल्याची असेल. तेव्हा बंद करायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. ते काही दिवस औषध देऊन हा काळ पार पाडतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शन देतात, आणि हे होतं, नीट होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या बॉयलरवरचा माणूस यातनं बाहेर आला आणि रिटायर होईपर्यंत ताठ मानेनं ड्युटीवर आला.

भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती असतात ना, "रुग्णाला न सांगता दारू सोडवा", त्यांच्या नादी आईला लागू देऊ नकोस. जेवणात गुपचूप पूड घालायची असते म्हणे. त्यात काय आहे ते कोणालाच माहीत नसतं, आणि डायसल्फिरम असेल तर ते फारच वाईट. ते औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टर देतात, कारण त्यावर दारू घेतली की तेच अल्डिहाइड रक्तात साठतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी कोसळतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर घेणार. बाबांचं वय आणि तंबाखू बघता ही भलती जोखीम आहे.

त्यांच्याशी बोलायचं ते सकाळी, चहानंतर, रात्री ग्लास समोर असताना कधीच नाही. "तुम्ही आमचं आयुष्य बरबाद केलं" वगैरे खरं असलं तरी त्या दिवशी नको. हात कापतो त्याबद्दल बोल, झोपेबद्दल बोल, एकदा तपासून येऊ म्हण. लिव्हरच्या टेस्ट, शुगर, बीपी, एवढ्यापासून सुरू होतं, आणि डॉक्टरला खोटं सांगायचं नाही, "कधीतरी घेतात" नाही, "रोज १८० मिली" असं सांगायचं. त्यांनी नाही म्हटलं तर तो दिवस सोडून द्यायचा, परत काही दिवसांनी. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मोठा आधार दिला होता. तू पुण्यातच आहेस, आधी तू एकटी जाऊन भेटून ये, घरच्यांशी कसं वागायचं तेही ते समजावतात. सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही हेल्पलाइन पण आहे, फुकट. आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेला गट, त्यांच्या मीटिंग मराठीत पुष्कळ ठिकाणी होतात, पैसे नाहीत, आडनाव विचारत नाहीत, एका वेळी फक्त आजच्या दिवसाचं बघायचं एवढंच तिथे म्हणतात. घरच्यांसाठी अॅल-अॅनॉन असतं, आईला त्याची बाबांपेक्षा जास्त गरज असेल कदाचित. इतकी वर्षं बाटल्या मोजत, पैसे लपवत, शेजाऱ्यांना खोटं सांगत तिनं काढलीयेत.

आणि हे नीट ऐक. बाबांचं सुटणं न सुटणं ही तुझी परीक्षा नाही. तू डॉक्टरपर्यंत नेऊ शकतेस, पुढचं त्यांचं आहे. सुटून परत सुरू झाली तर सगळं वाया गेलं असं समजून खचू नकोस, पुष्कळांना एकापेक्षा जास्त वेळा सोडावी लागते. आणि त्यांना लागली म्हणून तुला लागेलच असं नाही, पण घरात आहे तर धोका इतरांपेक्षा जास्त हे खरंय, म्हणून पार्टीतला तुझा "नाही" मला इतका महत्त्वाचा वाटतो. तो तू भीतीनं म्हणू नकोस, हिशोबानं म्हण.

दिवाळीत मी गावातच आहे. तू आलीस की धनत्रयोदशीच्या आधी भेटू, सणाच्या गडबडीत नको. तालुक्याला एक मानसोपचार डॉक्टर बसतात, त्यांचे वार कुठले ते मी विचारून ठेवतो, आणि बाबा माझ्याबरोबर यायला तयार होतील असं मला वाटतं, कारखान्यात एकत्र ड्युट्या केल्यात आम्ही. तोपर्यंत आईला फोन करून एवढंच सांग की बाटलीला हात लावू नको आणि कुठली पूड आणू नको.

तुझे सर